स्वीडनवरचा सोपा प्रश्न

माझ्या सासूबाईंशी माझं आयुष्यात एकदाच भांडण झालं, आणि ते क्यूबावरून झालं.

इतर जावयांची भांडणं दिवाळसणाच्या अंगठीवरून होतात, मानपानावरून होतात. आमचं क्यूबावरून! तो देश नकाशात नेमका कुठे आहे हे त्या वेळी आमच्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं, आणि तो एक मी नव्हतो. (सासूबाई, म्हणजे माई, भूगोल शिकवायच्या.) पण त्या प्रकरणात चूक माझी होती असं जे आमच्या कॉलनीत आजही बोललं जातं, ते मला साफ नामंजूर आहे. चूक माईंची होती. त्यांनी ठरल्याप्रमाणे वागायला नको होतं.

वारजे अजून पुण्यात यायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. कॉलनीत चाळीसेक घरं, पलीकडे शेतं. पेठेतले नातेवाईक आमच्याकडे यायला निघाले की शेजाऱ्यांना सांगून निघायचे, ‘जरा परगावी जाऊन येतो.’ पण चार पुणेकर एका ठिकाणी राहायला गेले की तिथे पाणी यायच्या आधी स्पर्धा येते. आमच्याकडे रस्त्याला डांबर नव्हतं, पण एका गॅरेजमध्ये वाचनालय होतं आणि वाचनालयाची वार्षिक वादविवाद स्पर्धा होती.

स्पर्धेचा नियम असा, की एका घरातल्या दोघांनी भाग घ्यायचा. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. दोघांचे गुण एकत्र करून ज्या घराचे जास्त, त्या घराला फिरता करंडक. म्हणजे माइकवर एकमेकांचे मुद्दे खोडायचे आणि करंडक मात्र मिळून घरी न्यायचा. संसारी माणसाला यात नवीन काही नव्हतं.

शिवाय प्रत्येक भाषणानंतर विरुद्ध बाजूच्या कोणीतरी एकानं एक प्रश्न विचारायचा. आता घरातला जोडीदार हा विरुद्ध बाजूचाच असतो. त्यामुळे सगळी घरं एकच युक्ती करायची. आपल्या माणसाचं भाषण संपलं रे संपलं की आपणच हात वर करायचा आणि घरून ठरवून आणलेला सोपा प्रश्न विचारायचा. उत्तर तोंडपाठ असायचं. परीक्षकांना हे माहीत असे, तरी ‘हजरजबाबीपणा’च्या रकान्यात ते गुण देत. कॉलनीत याला ‘घरचा प्रश्न’ म्हणायचे. सगळी भानगड झाली ती या घरच्या प्रश्नापायी.

त्या वर्षीचा विषय होता, ‘समाजवादी धोरणांनीच देशाचे भले होते’. रशियाचे तुकडे होऊन फार दिवस झाले नव्हते, आपल्या देशानंही नुकतीच दारं किलकिली केली होती, आणि मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून होतो, वर युनियनचा शाखा-सचिव! रशिया मोडला तेव्हा मी दोन दिवस दाढी केली नव्हती. त्यामुळे विषयाची बाजू कोण घेणार हा प्रश्नच नव्हता. विरुद्ध बाजूला माझी बायको मंदा उभी राहील असं मी धरून चाललो होतो, पण ती म्हणाली, “मी नाही. आई बोलेल.”

माई आमच्याकडेच राहायच्या. (यावरून मला घरजावई म्हणणारे लोक होते. घर माझं होतं!) बहात्तर वर्षांचं वय, किडकिडीत अंगकाठी, आणि कमी शब्दांत माणसाला खुर्चीवरून उठवायची हातोटी. एवढी वर्षं शाळेत त्यांनी मुलांना वादविवादासाठी तयार केलं, शेकडो भाषणं लिहून दिली, पण स्वतः एकदाही व्यासपीठावर उभ्या राहिल्या नव्हत्या. आधी सासऱ्यांना चालत नव्हतं, नंतर शाळा म्हणायची की मुलांना पुढे करा. मंदानं मला स्वयंपाकघरात बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, “आई आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहीत आली. तिला एकदा उभं राहू दे, अहो. नीट.” त्यातला ‘नीट’ हा शब्द माझ्याकडे बघून म्हटला होता.

समाजवादाशी माईंचं वैर पुस्तकी नव्हतं. रॉकेलची रांग, साखरेची रांग, दुधाच्या बाटल्यांची रांग, अशा रांगांत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. माझ्या समाजवादामागे तत्त्व होतं, त्यांच्या विरोधामागे पायदुखी होती. आणि पायदुखीला युक्तिवादानं हरवता येत नाही, हे मला त्या महिन्यात रोज रात्रीच्या जेवणाला कळत गेलं.

भांडण झालं ते असंच जेवताना. मी सांगत होतो की क्यूबासारख्या गरीब देशात गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. माईंनी भात कालवता कालवता विचारलं, “मग तिथली माणसं होडक्यात बसून कुठे निघालीत? डॉक्टरांना घाबरून?”

मी म्हटलं, ही अमेरिकेच्या नाकेबंदीची फळं आहेत.

“नाकेबंदी आत येणाऱ्या मालाची असते, जावईबापू. बाहेर पळणाऱ्या माणसांची नाही.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ताकभात न खाता पानावरून उठलो. (आमटीभात आणि पोळी खाऊन झाली होती, पण तत्त्व ते तत्त्व.) दोन दिवस अबोला. शेवटी मंदानं मध्ये पडून देशांची वाटणी केली. स्वीडन, केरळ आणि क्यूबातले डॉक्टर मला. रशिया, जर्मनीतली भिंत आणि क्यूबातली होडकी माईंना. केरळ हा देश नाही, असं माईंनी लगेच निदर्शनास आणलं, पण मंदानं दटावल्यावर गप्प बसल्या. चीनवर दोघांचाही दावा होता. सगळं सरकारचं होतं तेव्हाचा चीन माझा आणि बाजार उघडला तेव्हापासूनचा त्यांचा, असा तोडगा मंदानं काढला आणि ती भाजी निवडायला निघून गेली.

मग घरचे प्रश्न ठरले. मी माईंना विचारायचं, ‘ज्या देशानं माणूस अवकाशात पाठवला, त्या देशात बुटांसाठी रांग का लागली?’ त्यांचं उत्तर तयार होतं: ‘अवकाशात कोणी जायचं हे वरून ठरवता येतं. कोणाचा बूट कुठे चावतो हे वरून दिसत नाही.’ वाक्य चांगलं होतं. मला ते सुचलं नाही याचा रागही आला.

आणि माईंनी मला विचारायचं, ‘स्वीडनमधले लोक एवढा जबर कर मुकाट्यानं भरतात, ते कशाच्या बळावर?’ माझं उत्तर: ‘विश्वासाच्या बळावर. समोरचा माणूस आपल्याला फसवणार नाही ही खात्री असली, की माणूस आपला वाटा आनंदानं उचलतो.’ हे वाक्य पूर्ण माझं. मी ते आरशासमोर इतक्या वेळा म्हटलं की आमची आठ वर्षांची केतकी ते परवच्यासारखं म्हणत घरभर हिंडायला लागली. चिठ्ठीवर लिहून मी ते सदऱ्याच्या खिशातही ठेवलं.

समोर होतं बागवानकाकांचं घर. काकांचा मार्केट यार्डात फळांचा धंदा आणि त्यांची शबनम वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षं करंडक त्यांच्याकडेच होता आणि सलग तिसऱ्यांदा जिंकणाऱ्याला तो कायमचा मिळणार होता. म्हणजे माईंना करंडक हातात धरायचा तर हीच एक संधी होती. त्यातून हे काका जन्मभर बाजारात बसून बोलणार होते समाजवादाच्या बाजूनं! माझ्याच बाजूनं बोलून मला हरवायचं, हा कुठला न्याय?

स्पर्धा रविवारी सकाळी. गॅरेजपुढे मांडव, पन्नास-साठ माणसं, मागे माझ्या बँकेतले दोघं सहकारी आवर्जून आलेले. वेळ सांभाळायला कॉलनीचे रखवालदार ज्ञानोबा, हातात सायकलची घंटी घेऊन. माई इस्त्रीची नारायणपेठी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि हातातल्या कागदाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. त्या घाबरल्या आहेत हे मी प्रथमच पाहत होतो. मला वाटलं, बिचाऱ्या. मी मनाशी म्हटलं, काळजी करू नका माई, मी आहे ना!

आधी काका बोलले. म्हणाले, बाजार चांगलाच आहे हो, माझं पोट त्याच्यावर आहे. पण पेटीत वरच्या थराला पिकलेला आंबा आणि खाली कच्चा, हे बघायला कोणीतरी लागतंच. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग शबनमनं त्यांच्या सगळ्या मुद्द्यांचा मुलाहिजा न ठेवता समाचार घेतला, आणि बापलेक पुन्हा शेजारी बसून एका थर्मासातला चहा प्यायले.

मग माई उठल्या. पहिलं मिनिट आवाज कापत होता. जर्मनीतल्या भिंतीशी पोचेपर्यंत तो कंप थांबला. ‘घराला कुंपण घालतात ते चोर आत येऊ नयेत म्हणून. घरातली माणसं पळू नयेत म्हणून कुंपण घालावं लागतं, त्या घरात काहीतरी चुकलेलं असतं,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा ज्ञानोबा घंटी विसरून ऐकायला लागले. होडकी झाली, बुटांना मुद्दाम हात लावला नाही (ते घरच्या प्रश्नासाठी राखलेले). मी कौतुकानं मान डोलावत होतो. आणि तेवढ्यात, लिहिलेल्या कागदात नसलेलं, मला न दाखवलेलं, वाटणीत न बसणारं एक उदाहरण त्यांनी काढलं.

“लांब कशाला जा,” माई म्हणाल्या, “आमच्या घरी समाजवाद आहे. जावई म्हणतात, घरातलं काम सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे नेमकं कोणाचं, असं विचारलं की ते वर्तमानपत्र उघडतात. ताटं शेवटी माझी मुलगी घासते.”

मांडव कोसळायचा बाकी राहिला! ज्ञानोबांनी आनंदाच्या भरात वेळ झालेली नसताना घंटी वाजवली. सगळ्यात मोठ्यानं हसत होती माझी बायको. डोळे पुसत होती हो!

मी तुम्हाला विचारतो, हे वादविवादात बसतं का? स्वीडन, क्यूबा, रशिया, जर्मनी यांच्या रांगेत आमच्या मोरीतली ताटं आणून मांडायची, हा काय अर्थशास्त्राचा मुद्दा झाला? माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. माईंचं भाषण संपलं. त्यांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे, विचारा बुटांचं. मी हात वर केला, उठलो, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

“वक्त्यांनी जन्मभर अनुदानित शाळेत नोकरी केली. त्या सरकारी निवृत्तिवेतनावर जगतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं. यातली कोणती गोष्ट त्यांनी बाजारातून आणली, हे त्या सांगतील का?”

काय प्रश्न होता! आजही मला तो आवडतो. टाळ्या वाजल्या. बँकेतल्या दोघांनी तर शिट्टी मारली. माईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. हातातला कागद उलगडला, त्यात अर्थातच हे उत्तर नव्हतं, पुन्हा घडी घातली.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

आणि खाली बसल्या. परीक्षकांनी रकान्यात काहीतरी बारीक लिहिलं. मी विजयी मुद्रेनं मंदाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती आईकडे बघत होती, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या बारा वर्षांत मला इतकं थंड वाटलं नव्हतं, आणि मे महिना होता.

आमच्या घराचे गुण एकत्र मोजले जाणार आहेत, ही गोष्ट मला त्या नजरेनंतर आठवली.

शेवटचं भाषण माझं. आता दोघांचे गुण एकट्यानं भरून काढायचे होते, म्हणून मी जीव तोडून बोललो. केरळातल्या साक्षर आजीबाई सांगितल्या, क्यूबाचे डॉक्टर सांगितले, स्वीडनमध्ये तर मी जन्मलोच होतो असं ऐकणाऱ्याला वाटावं. पण मान वळली की दिसायच्या माई, पहिल्या रांगेत, ताठ बसलेल्या. माझं भाषण संपायच्या आधीच त्यांनी हात वर करून ठेवला होता.

आता या बाई काय विचारणार, हे मला ठाऊक होतं. माझ्यावर सूड उगवण्याइतकं दारूगोळ्याचं कोठार त्यांच्याकडे होतं, कारण त्या माझ्याच घरात राहत होत्या! एक, सरकारी शिक्षणाची महती गाणाऱ्या माणसाची मुलगी खासगी इंग्रजी शाळेत जात होती. दोन, लोक वर्षानुवर्षं टेलिफोनची वाट बघत असताना आमच्याकडे तो ओळख लावून रांगेबाहेरून आला होता. तीन, आणि हे सगळ्यात भयंकर, युनियनच्या मोर्चाच्या दिवशी शाखा-सचिव ताप आल्याचं कळवून घरी मिसळ खात बसले होते. यातलं एक जरी निघालं तर मागे उभे असलेले ते दोघं! समारोपाची वाक्यं मी तोंडानं म्हणत होतो आणि मनात या तिन्हींची उत्तरं जुळवत होतो. आधी शाळा, मग टेलिफोन, मग ताप. मी सज्ज होतो. विचाराच म्हटलं.

माई उभ्या राहिल्या. कागदाकडे न बघता, सावकाश, शाळेतल्या मुलाला धीर द्यावा तशा आवाजात त्यांनी विचारलं, “वक्त्यांना माझा प्रश्न असा. स्वीडनमधले लोक एवढा जबर कर मुकाट्यानं भरतात, ते कशाच्या बळावर?”

मी गरजलो, “केतकीला इंग्रजी शाळेत घालायचा निर्णय तिच्या आईचा होता!”

थांबायला हवं होतं. पण तयार करून आणलेली उत्तरं आतून धक्के देत होती.

“टेलिफोनसाठी मी ओळख लावली नाही, त्यांनी स्वतःहून लावून दिला! आणि मोर्चाच्या दिवशी मला खरोखर कणकण होती, मिसळ शेजाऱ्यांनी आणून दिली होती!”

या वेळी ज्ञानोबांनी घंटी वाजवली नाही. ते घंटी हातात धरून माझ्याकडे आ वासून बघत होते. मग शेजारच्या माणसाला त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, “चोराच्या मनात चांदनं, म्हंत्यात ते ह्येच हाय.” केतकी पहिल्या रांगेतून घसा ताणून ओरडत होती, “बाबा, विश्वासाच्या बळावर! विश्वासाच्या!” पण प्रेक्षकांकडून उत्तर घ्यायला नियमाप्रमाणे बंदी होती.

निकाल सांगायला परीक्षक उठले. निवृत्त प्राध्यापक, पेठेतले. म्हणाले, “शेवटच्या वक्त्यांनी प्रश्न विचारला जाण्याची वाट न पाहता उत्तरं दिली. हे हजरजबाबीपणात कसं धरावं, ते आम्हाला ठरवता आलं नाही.” करंडक बागवानांना गेला. दोन गुणांनी! बुटांचा प्रश्न किंवा स्वीडनचं उत्तर, दोन्हींपैकी एक जरी जागेवर असतं तरी करंडक आमचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी दोन्ही हातांनी केलं होतं.

घरी चालत निघालो. मंदा केतकीला घेऊन दहा पावलं पुढे गेली, मुद्दाम. मी आणि माई मागे. मला अजून रागच येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं म्हणून मी माईंवरच काढला. म्हटलं, “तुम्ही तो प्रश्न का विचारलात?”

माई थांबल्या. “ठरलं होतं ना आपलं?”

“पण मी तुम्हाला तसलं विचारल्यावर...”

“तुमचा प्रश्न चांगला होता. ताटांचं मी आयत्या वेळी काढलं, तेही बरं केलं नाही मी.” मग चार पावलं चालून म्हणाल्या, “एवढंच वाटलं, की बुटांचं उत्तर द्यायचं राहून गेलं. चांगलं बसलं होतं हो तोंडात.”

मला त्या क्षणी फार लाज वाटली. सरळ सांगतो, इतकी लाज मला ना मिसळीची वाटली होती, ना टेलिफोनची. बहात्तर वर्षं थांबून बाई एकदा व्यासपीठावर उभी राहिली, आणि तिला तिच्या हक्काचं वाक्य मी म्हणू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागवानकाकांनी करंडक वाचनालयाच्या फळीवर परत नेऊन ठेवला. घरी ठेवून काय करू, फिरू दे की त्याला, म्हणाले. कायमची मालकी मिळालेल्या माणसानं ती चोवीस तासांत सार्वजनिक केली, आणि मी, शाखा-सचिव, पंधरवडाभर त्या दोघा सहकाऱ्यांना टाळण्यासाठी डबा बँकेच्या जिन्यात खात होतो! (पुढच्या निवडणुकीत सचिवपद गेलंच.)

पण स्पर्धेच्या त्याच दिवशी, संध्याकाळची जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरात उभा राहिलो, हात वर केला आणि म्हटलं, “वक्त्यांना माझा प्रश्न आहे. ज्या देशानं माणूस अवकाशात पाठवला, त्या देशात बुटांसाठी रांग का लागली?”

माईंनी माझ्याकडे बघितलं. मग पाटावरून उठल्या, पदर नीट केला, आणि ओट्याला पाठ लावून उत्तर दिलं. सगळं, सावकाश, योग्य जागी थांबून. कोणाचा बूट कुठे चावतो हे वरून दिसत नाही, इथे केतकीनं टाळ्या वाजवल्या, मंदानंही वाजवल्या. माईंचा चेहरा उजळला होता. त्या खाली बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता ताटं.”

मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. मंदानं ते घडी करून स्वतःच्या मांडीखाली घेतलं होतं. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मोरीत बसलो. खिशातली विश्वासाची चिठ्ठी वाकताना पाण्यात पडली, ती मी राखेबरोबर वाहून जाऊ दिली.

समाजवाद कोणत्या देशात यशस्वी झाला आणि कोणत्या देशात फसला, यावर मला अजून बरंच बोलायचं असतं, पण माझं कोणी ऐकत नाही. आमच्या घरात मात्र तो त्या दिवसापासून आजवर अखंड चालू आहे. काम सगळ्यांचं आहे, आणि ते मी करतो.